नैसर्गिक व्हेंटिलेशन सिम्युलेशनमध्ये कसं धरायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिल्डिंगचं एनर्जी सिम्युलेशन करताना भिंती, काच, दिवे, माणसं हे सगळं बऱ्यापैकी खात्रीने भरता येतं आणि मग गाडी अडते ती खिडकीपाशी. खिडकी उघडल्यावर तासाला किती हवा आत येते? या एका गोष्टीवर आतलं तापमान कितीतरी अंशांनी इकडचं तिकडे होतं आणि नेमकी तीच गोष्ट बहुतेक मॉडेलमध्ये अंदाजपंचे भरलेली असते. खालचे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात. उदाहरणं जास्त करून एनर्जीप्लस या सिम्युलेशन प्रोग्रामची आहेत कारण मी रोज तेच वापरतो, पण गणित सगळीकडे सारखंच.

सरळ सांगा ना, एसीएच किती टाकू? ५ की १०?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. एसीएच म्हणजे खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलते तो आकडा. नैसर्गिक व्हेंटिलेशनमध्ये हा आकडा आपण ठरवायचा नसतो, तो निघतो. वारा, आतबाहेरच्या तापमानातला फरक, खिडक्यांचं क्षेत्रफळ, हवा बाहेर पडायला दुसरीकडे वाट आहे की नाही, आणि खिडकी कोणी उघडलीय का, यातून तो दर तासाला वेगळा येतो. वर्षभर ८७६० तास एकच १० टाकला तर ते मॉडेल एका फॅनचं झालं, खिडकीचं नाही.

पण "किती" या प्रश्नाला दुसरी बाजू पण आहे आणि ती आधी समजून घ्या, म्हणजे पुढे कुठे मेहनत करायची ते कळेल. समजा ४० घनमीटरची खोली आहे, आत माणसं, उपकरणं, ऊन मिळून ५०० वॅट उष्णता आहे आणि सोपं करण्यासाठी भिंतीतून काही जात नाही असं धरू. हवेने वाहून नेलेली उष्णता म्हणजे ०.३३ गुणिले एसीएच गुणिले खोलीचा व्हॉल्यूम गुणिले तापमानातला फरक. ५ एसीएचला खोली बाहेरपेक्षा ७.६ अंशांनी गरम राहते, १० ला ३.८, २० ला १.९ आणि ४० ला जेमतेम १. म्हणजे तुमचा खरा आकडा २० आणि ४० च्या मध्ये कुठेतरी असेल तर डोकं फोडण्यात काही अर्थ नाही, एक अंशाचा खेळ आहे. पण ३ आणि ८ च्या मध्ये असेल तर तिथे प्रत्येक एसीएच महाग आहे, तिथे नीट मॉडेल करायलाच पाहिजे. आणि गंमत म्हणजे लोक नेमकं उलटं करतात, मोकळ्या हवेशीर हॉलचं बारीक मॉडेल बनवतात आणि एका खिडकीच्या खोलीत १० टाकून मोकळे होतात.

इन्फिल्ट्रेशन आणि व्हेंटिलेशन एकच ना?

नाही. इन्फिल्ट्रेशन म्हणजे फटींमधून, नको असताना येणारी हवा. नैसर्गिक व्हेंटिलेशन म्हणजे मुद्दाम ठेवलेल्या ओपनिंगमधून येणारी. दोन्ही ढकलणारे वारा आणि तापमानच, पण फटीतला प्रवाह प्रेशरच्या साधारण ०.६५ घाताने वाढतो आणि उघड्या खिडकीतला ०.५ घाताने, म्हणजे वर्गमुळाने. मॉडेलमध्ये दोन्ही वेगवेगळे ठेवा. खिडकी बंद झाली तरी फटी चालूच असतात.

ब्लोअर डोअर टेस्टचा, म्हणजे दारात पंखा लावून ५० पास्कलच्या प्रेशरला फटींमधून किती एसीएच होतात ते मोजलेला आकडा हातात असेल तर त्याला २० ने भागून वर्षाचं सरासरी इन्फिल्ट्रेशन धरायची जुनी पद्धत आहे. अंदाजासाठी ठीक आहे, उघड्या खिडकीशी मात्र तिचा काही संबंध नाही.

एनर्जीप्लसच्या डिझाइन फ्लो रेटमध्ये ए, बी, सी, डी हे चार कोइफिशंट आहेत, त्यांचं काय करायचं?

झोन (म्हणजे मॉडेलमधली एक खोली) व्हेंटिलेशन डिझाइन फ्लो रेट या ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे माहिती भरायच्या तक्त्यात, तुम्ही दिलेल्या फ्लोला एका कंसाने गुणलं जातं: ए, अधिक बी गुणिले तापमानातला फरक, अधिक सी गुणिले वाऱ्याचा वेग, अधिक डी गुणिले वेगाचा वर्ग. डिफॉल्टला ए म्हणजे १ आणि बाकीचे शून्य, म्हणजे वारा असो नसो फ्लो तेवढाच, फक्त शेड्यूल चालतं.

कोणीतरी कुठूनतरी ०.६०६, ०.०३६३६, ०.११७७ आणि ० असे आकडे कॉपी करून आणतं. हे ब्लास्ट नावाच्या जुन्या प्रोग्रामचे आकडे आहेत. वारा ३.३५ मीटर प्रति सेकंद आणि तापमानात फरक शून्य असेल तर गुणक बरोबर १ येतो, आणि कडाक्याच्या थंडीत ४० अंशांचा फरक आणि ६ मीटरचा वारा असेल तर पावणेतीनच्या आसपास जातो. डीओई-२ या दुसऱ्या जुन्या प्रोग्राममधला आकडा फक्त सी म्हणजे ०.२२४, जो ४.४७ मीटरच्या वाऱ्याला १ देतो. हे सगळे आकडे फटींसाठी काढलेले आहेत. उघड्या खिडकीला लावले तरी मॉडेल चालतं, एरर पण येत नाही, आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे.

याच ऑब्जेक्टमधला दुसरा सापळा म्हणजे डेल्टा टेंपरेचर, आत बाहेरपेक्षा किमान किती अंश गरम असेल तरच हवा घ्यायची तो आकडा. त्याचा डिफॉल्ट उणे १०० आहे, म्हणजे बाहेर आतपेक्षा कितीही गरम असलं तरी हवा आत घेत राहा. मी एकदा दोन दिवस भिंतींचं इन्सुलेशन बदलत बसलो होतो कारण दुपारी आतलं तापमान काही केल्या खाली येत नव्हतं, आणि शेवटी आतलं आणि बाहेरचं तापमान एकाच ग्राफवर काढलं तर दोन्ही रेषा एकमेकींवर चिकटून चाललेल्या, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. भर दुपारच्या गरम हवेला खिडकी सताड उघडी होती. डेल्टा टेंपरेचर शून्य किंवा १ केलं आणि दुपारचा पीक लगेच खाली आला. तेव्हापासून कुठलंही मॉडेल हातात आलं की मी आधी ती एक ओळ बघतो.

मग विंड अँड स्टॅक ओपन एरिया वापरलं की झालं ना?

हे एनर्जीप्लसचं दुसरं ऑब्जेक्ट, आणि स्टॅक म्हणजे गरम हवा हलकी होऊन वर चढते त्यामुळे होणारा प्रवाह. डिझाइन फ्लो रेटपेक्षा बरंच बरं, पण त्याच्यामागचं गृहीतक ओळखून वापरा. त्यात वाऱ्याचा फ्लो म्हणजे ओपनिंग इफेक्टिव्हनेस गुणिले क्षेत्रफळ गुणिले वेग, स्टॅकचा फ्लो म्हणजे डिस्चार्ज कोइफिशंट (ओपनिंगमधून प्रत्यक्षात किती हवा जाते तो गुणक) गुणिले क्षेत्रफळ गुणिले उंची आणि तापमानाचं वर्गमूळ, आणि एकूण म्हणजे दोघांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ. इफेक्टिव्हनेस ऑटोवर ठेवला तर वारा समोरून आल्यावर ०.५५ धरतो आणि कोन वाढला की कमी करत जातो.

आता तीच ४० घनमीटरची खोली घ्या, १ चौरस मीटर उघडं ओपनिंग, समोरून १.५ मीटरचा वारा, तापमानात ३ अंशांचा फरक, उंचीचा फरक ०.६ मीटर. वाऱ्याचे ०.८२५ घनमीटर प्रति सेकंद, स्टॅकचे ०.१४, एकूण ०.८४, म्हणजे तासाला जवळजवळ ७५ वेळा हवा बदलली. वर्गांच्या बेरजेमुळे स्टॅक जवळपास गायबच झाला हे पण बघून ठेवा.

हा ७५ खरा कधी? जेव्हा समोरच्या बाजूला हवेला बाहेर पडायला तेवढीच मोठी वाट असेल तेव्हा. खोलीला एकच खिडकी असेल आणि दार बंद असेल तर हवा येणार कुठे? बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखं होतं. त्यासाठी द गिड्स आणि फाफ यांचं १९८२ चं सूत्र आहे: क्षेत्रफळाच्या निम्मे, गुणिले वर्गमूळ (०.००१ गुणिले वाऱ्याचा वर्ग, अधिक ०.००३५ गुणिले खिडकीची उंची गुणिले तापमानातला फरक, अधिक ०.०१). खिडकी १.२ मीटर उंच धरून तीच खोली यात टाकली की ७ एसीएच येतात. या सूत्रातला वारा हवामान केंद्रावरचा असतो म्हणून ४ मीटरचा धरला, तरी ९ च्या आतच. ७५ आणि ७! खिडकी तीच, खोली तीच, फक्त हवेला बाहेर पडायला वाट आहे की नाही एवढाच फरक. मला विचाराल तर अख्ख्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, बाकी सगळं नंतर.

वाऱ्याचा वेग तर हवामान फाइलमधून येतो, त्यात आपण काय बघायचं?

हवामान फाइलमधला वारा बहुतेक वेळा विमानतळासारख्या मोकळ्या जागी १० मीटर उंचीवर मोजलेला असतो. तुमची खिडकी दाट वस्तीत ५ मीटरवर आहे. एनर्जीप्लस यासाठी टेरेन, म्हणजे आजूबाजूचा परिसर कसा आहे ते विचारतं आणि त्यावरून वेग खाली आणतं. मोकळ्या मुलखाला घातांक (उंचीबरोबर वेग किती झपाट्याने बदलतो तो) ०.१४ आणि बाउंड्री लेयर (जमिनीचा अडथळा जिथवर जाणवतो ती उंची) २७० मीटर, उपनगराला ०.२२ आणि ३७० मीटर, शहराला ०.३३ आणि ४६० मीटर.

फाइलमध्ये ३ मीटर प्रति सेकंद असेल तर उपनगर टेरेनला ५ मीटर उंचीवर १.८५ उरतो आणि शहर टेरेनला फक्त १.०७. वाऱ्याचं प्रेशर वेगाच्या वर्गाने जातं, म्हणजे शहरात ते मूळच्या आठव्या हिश्श्यावर आलं. टेरेनचा एक ड्रॉपडाउन आहे आणि लोक तो बघतसुद्धा नाहीत, जे डिफॉल्ट असेल ते राहू देतात.

आणि वारा एवढा पडला की स्टॅक जागा होतो. स्टॅकचं प्रेशर साधारण दर मीटर उंचीला दर अंशाला ०.०४ पास्कल. ३ मीटर उंची आणि ३ अंश फरक म्हणजे ०.३६ पास्कल. १.०७ मीटरच्या वाऱ्याचं पूर्ण प्रेशर ०.७ च्या आसपास आणि त्यातलं प्रत्यक्ष भिंतीवर पोचतं ते त्याहून कमी. म्हणजे दाट शहरात दोघं तुल्यबळ, एकाला सोडून चालणार नाही. कधी कधी वारा वरच्या झरोक्यातून आत ढकलतो आणि स्टॅक तिथूनच बाहेर ढकलतो, दोघं एकमेकांना खातात आणि फ्लो जवळजवळ शून्यावर येतो. वर्गांची बेरीज करणाऱ्या सोप्या मॉडेलला हे कधीच दिसणार नाही.

एअरफ्लो नेटवर्क कधी वापरायचं? सगळे म्हणतात किचकट आहे

एअरफ्लो नेटवर्क म्हणजे एनर्जीप्लसमधलं अख्ख्या इमारतीच्या हवेचं मॉडेल. किचकट आहे पण भीतीदायक नाही. कोमिस आणि एअरनेट या दोन जुन्या प्रोग्रामांवरून ते बनलंय. प्रत्येक खोली म्हणजे एक नोड, प्रत्येक खिडकी, दार, फट म्हणजे दोन नोडांना जोडणारा दुवा, आणि प्रत्येक खोलीत जेवढी हवा आली तेवढी गेली पाहिजे या अटीवर सगळ्या खोल्यांचं प्रेशर एकदम सोडवायचं. एका खोलीतून हवा आत येऊन पॅसेजमधून दुसऱ्या खोलीच्या खिडकीतून बाहेर जात असेल, दोन मजले जिन्याने जोडलेले असतील, ॲट्रियम असेल, तर हे वापराच. एकटीदुकटी खोली असेल तर सोप्या मॉडेलवर भागतं, फक्त आकडा योग्य सूत्राचा हवा.

सुरुवातीला हमखास अडकायच्या काही जागा सांगतो. मल्टिझोन एअरफ्लो नेटवर्क चालू केलं की झोन व्हेंटिलेशन, झोन इन्फिल्ट्रेशन आणि मिक्सिंगचे साधे ऑब्जेक्ट दुर्लक्षित होतात, तुमचं आधी भरलेलं इन्फिल्ट्रेशन गेलं, फटी आता नेटवर्कमध्ये वेगळ्या द्यायच्या. दुसरं, नेटवर्कमधल्या प्रत्येक झोनला कमीत कमी दोन दुवे लागतात नाहीतर रन थांबतो. एकाच खिडकीची खोली असेल तर भिंतीला एक फट द्या, तशी ती खऱ्या इमारतीत असतेच. मी तर सगळ्या बाहेरच्या भिंतींना छोटी फट देतोच, सॉल्व्हरला पण सोपं जातं, खिडक्या बंद असताना नेटवर्क लटकत नाही.

सीपी म्हणजे विंड प्रेशर कोइफिशंट कुठून आणायचे?

सीपी म्हणजे वाऱ्याच्या पूर्ण प्रेशरचा कितवा हिस्सा भिंतीवर पोचतो तो आकडा. वारा ज्या भिंतीवर आपटतो तिथे सीपी धन असतो, मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर ऋण. आयताकृती इमारत असेल तर एनर्जीप्लस स्वतःच सरासरी काढतं, कमी उंचीच्या इमारतीसाठी स्वामी आणि चंद्रा यांचं समीकरण आणि उंच इमारतीसाठी एकिन्स यांचा डेटा. पण त्यात तुमची इमारत मोकळ्या माळावर एकटी उभी आहे असं धरलेलं असतं, शेजारच्या इमारतीची आड काही येत नाही. आकार एल किंवा यू असेल तरी ते एका आयतासारखंच वागवतं.

फरक किती पडतो ते बघा. समोर ०.६ आणि मागे उणे ०.३ असेल तर फरक ०.९. दोन्हीकडे १ चौरस मीटर ओपनिंग, डिस्चार्ज ०.६, वारा २ मीटर असेल तर फ्लो ०.८ घनमीटर प्रति सेकंद. शेजारी इमारत आली आणि फरक ०.१ वर उतरला तर फ्लो ०.२७. म्हणजे तिसरा हिस्सा. आपल्या त्या खोलीत ७२ चे २४ झाले. वर्गमुळाने सांभाळून घेतलं म्हणून एवढ्यावर भागलं.

टोकियो पॉलिटेक्निक युनिव्हर्सिटीचा विंड टनेलचा डेटाबेस खुला आहे, त्यात शेजारी इमारती असलेल्या केसेस पण आहेत, तिथून आकडे घेऊन हाताने टाकता येतात. एअर इन्फिल्ट्रेशन अँड व्हेंटिलेशन सेंटरचे जुने तक्ते पण आडोशाप्रमाणे विभागलेले आहेत. सीएफडी, म्हणजे हवेच्या प्रवाहाचं बारीक कॉम्प्युटर मॉडेल, करायची गरज मला फार कमी वेळा वाटली, आणि केली तर ती सीपी काढण्यापुरती करा, वर्षभराच्या फ्लोसाठी नाही.

एकाच भिंतीला दोन खिडक्या आहेत, नेटवर्क वाऱ्याचा फ्लो शून्य दाखवतंय. बग आहे का?

बग नाही. दोन्ही खिडक्यांना एकाच भिंतीचा सरासरी सीपी मिळाला, प्रेशर सारखं, मग वारा ढकलणार कशाला. खऱ्या आयुष्यात वाऱ्याच्या झुळका आणि भिंतीवरचे लहानमोठे फरक यामुळे थोडी हवा येतेच. झोनच्या सेटिंगमध्ये सिंगल साइडेड विंड प्रेशर कोइफिशंट अल्गोरिदम ॲडव्हान्स्ड केलं तर दोन खिडक्यांना वेगळे सीपी दिले जातात. खिडकी एकच असेल तर नेटवर्क तापमानामुळे होणारी दुहेरी ये-जा, म्हणजे वरून गरम बाहेर खालून गार आत, ती पकडतं, झुळका पकडत नाही. तेव्हा आलेला आकडा वर दिलेल्या सूत्राशी ताडून बघा.

खिडकीचं क्षेत्रफळ ड्रॉइंगवरून घेतलं तर चालेल?

अख्खी चौकट घेतली तर चुकलंच. स्लाइडिंग खिडकी निम्मीच उघडते. वरून बिजागरी असलेली, खालून १० अंश बाहेर ढकललेली खिडकी कागदावर मोठी दिसते पण हवा जाते ती फक्त कडेच्या फटीतून. जाळी असेल तर प्रवाह चांगलाच घटतो आणि किती ते विणीवर अवलंबून, बारीक विणीला जास्त. डिस्चार्ज कोइफिशंट साध्या धारदार ओपनिंगला ०.६ धरतात, पण जाळी, ग्रिल, जाड भिंतीतला खोल कोनाडा आला की तो कमी करायचा.

दोन ओपनिंग एकामागे एक असतील तर लहान असणारंच राज्य करतं. १ चौरस मीटरची खिडकी आणि दाराखालची ०.०२ चौरस मीटरची फट, तर परिणामी क्षेत्रफळ जवळजवळ ०.०२ च. क्रॉस व्हेंटिलेशनच्या मॉडेलमध्ये आतली दारं उघडी की बंद, रात्री कोण दार बंद करून झोपतं, हे विचारलंच पाहिजे, कारण तिथेच सगळा फ्लो अडतो.

खिडकी कधी उघडायची ते मॉडेलला कसं सांगायचं?

इथे सीपीपेक्षा मोठी अनिश्चितता आहे आणि इथेच सगळ्यात कमी वेळ दिला जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नेटवर्कमध्ये टेंपरेचर कंट्रोल ठेवला तर तीन अटी असतात, आतलं तापमान बाहेरपेक्षा जास्त, आतलं तापमान सेटपॉइंटपेक्षा (आपण ठरवून दिलेल्या तापमानापेक्षा) जास्त, आणि शेड्यूलची परवानगी. तिन्ही जमल्या की खिडकी उघडी. हा एक आदर्श रहिवासी झाला जो पहाटे साडेतीनला उठून खिडकी उघडतो आणि सहाला पुन्हा बंद करतो. खरा माणूस सकाळी उठल्यावर उघडतो, बाहेर पडताना चोरीच्या भीतीने बंद करतो, पाऊस आला, धूळ आली, रस्त्यावरचा आवाज वाढला की बंद करतो, आणि गरम झालं म्हणून लगेच उठत नाही, बरंच गरम झाल्यावर उठतो. ऑफिसात तर खिडकीशेजारी बसलेल्याच्या मर्जीवर चालतं.

संशोधनात यासाठी शक्यतेवर चालणारी मॉडेल्स आहेत, रिजाल आणि सहकाऱ्यांचं २००७ चं, हाल्डी आणि रॉबिन्सन यांचं २००९ चं. त्यात आतल्या बाहेरच्या तापमानावरून खिडकी उघडण्याची शक्यता काढतात. एनर्जीप्लसमध्ये ऑक्युपंट व्हेंटिलेशन कंट्रोल ऑब्जेक्ट आहे, कमीत कमी किती वेळ उघडी किंवा बंद राहील ते देता येतं आणि शक्यतेचं शेड्यूल पण.

रोजच्या कामात मी एवढं करतो: तेच मॉडेल तीनदा चालवतो. एकदा आदर्श रहिवासी, एकदा फक्त जागेपणी आणि घरात असताना उघडणारा, एकदा खिडकी जवळपास न उघडणारा. मग तिन्ही एकाच ग्राफवर ठेवून क्लायंटला दाखवतो. ज्या डिझाइनचा निकाल तिसऱ्या माणसाबरोबर पण बरा येतो ते डिझाइन चांगलं. फक्त पहिल्यासोबतच चालणारं डिझाइन मी कोणाला सुचवणार नाही, कारण त्या घरात राहायला येणारी माणसं आदर्श असणार नाहीत आणि उकाडा त्यांनाच सोसायचाय.

खिडकी दर टाइमस्टेपला उघडते, बंद होते, उघडते, बंद होते. काय चुकतंय?

टाइमस्टेप म्हणजे सिम्युलेशन ज्या छोट्या टप्प्याने पुढे सरकतं तो. मागच्या स्टेपच्या तापमानावर निर्णय होतो, खिडकी पूर्ण उघडते, खोली एकदम गार होते, मग बंद, मग गरम, मग पुन्हा उघडी. टाइमस्टेप तासाला ६ तरी ठेवा, मी १२ ठेवतो. आणि मॉड्युलेशनच्या फील्ड भरा, म्हणजे तापमानातला फरक वाढला की ओपनिंग हळूहळू कमी होतं. किमान उघडं ठेवायचा वेळ दिला तरी हे थांबतं.

एसी आणि खिडकी दोन्ही आहेत, मॉडेल दोन्ही एकदम चालवतंय

हो, कारण साध्या व्हेंटिलेशन ऑब्जेक्टला एसी चालू आहे हे माहीतच नसतं. हायब्रिड व्हेंटिलेशन ॲव्हेलेबिलिटी मॅनेजर लावा, तो एका वेळी एकच चालू देतो. नाहीतर खिडकीचा वरचा तापमान सेटपॉइंट एसीच्या सेटपॉइंटच्या खाली ठेवून काम भागवता येतं, ढोबळ आहे पण चालतं.

रात्री खिडक्या उघड्या ठेवून १० एसीएच दिले तरी दिवसाचा पीक कमी होत नाही, का?

तीन गोष्टी बघा. रात्रीची हवा खरंच गार आहे का, म्हणजे स्लॅबपेक्षा पुरेशी खाली जाते का. स्लॅब उघडा आहे का, कारण फॉल्स सीलिंग आणि कार्पेट टाकलं की काँक्रीट हवेपासून तोडलं गेलं, रात्रभर वारा फिरला तरी त्याला कळतच नाही. आणि तिसरं जे कोणी बघत नाही ते म्हणजे आतला कन्व्हेक्शन कोइफिशंट, पृष्ठभागावरून हवेत किती उष्णता जाते तो आकडा. डिफॉल्ट टार्प अल्गोरिदम फक्त पृष्ठभाग आणि हवेच्या तापमानातल्या फरकावरून तो काढतो, एसीएच २ असो की २० त्याला फरक पडत नाही. खऱ्या खोलीत जोराची हवा स्लॅबवरून गेली तर उष्णता जास्त निघते. ॲडॅप्टिव्ह कन्व्हेक्शनचा पर्याय वापरून एकदा तुलना करा.

आकडा बरोबर आहे का हे प्रत्यक्ष तपासता येतं का?

येतं, आणि एका साध्या सीओटू मीटरवर येतं. खोलीत थोडा वेळ बसून सीओटू वाढू द्या, मग सगळ्यांनी बाहेर पडा आणि मीटरला उतरण नोंदवू द्या. बाहेरचा सीओटू ४२० च्या आसपास वजा करायचा. समजा १४२० वरून अर्ध्या तासात ७८८ वर आला, म्हणजे बाहेरपेक्षा जादाचे १००० चे ३६८ झाले, गुणोत्तराचा नॅचरल लॉग १, भागिले अर्धा तास, म्हणजे २ एसीएच. सहा मिनिटांत ५५५ वर आला असता तर २० एसीएच.

मी माझ्याच खोलीत हे केलं तेव्हा मॉडेलपेक्षा निम्म्याहून कमी आलं आणि कारण शोधताना लक्षात आलं की खिडकीवर जाड पडदा ओढलेला होता, मॉडेलमध्ये पडदा सावलीपुरता होता, हवेला अडवणारा म्हणून नव्हताच. पडदा सरकवला आणि पुन्हा मोजलं तर आकडे जवळ आले. आता मी रहिवाशांना पडद्याबद्दल पण विचारतो.

एसीएच भरपूर आले म्हणजे माणसाला वारा लागेल ना?

नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झोन मॉडेलमध्ये खोलीतली हवा पूर्ण मिसळलेली धरतात, अंगावर वेग किती ते त्याला कळत नाही. ३० एसीएच असूनही खिडकी पलंगाच्या विरुद्ध कोपऱ्यात असेल तर अंगाला झुळूक नाही. कम्फर्टसाठी ॲश्रे ५५ या अमेरिकन स्टँडर्डचं ॲडॅप्टिव्ह मॉडेल वापरत असाल तर आरामाचं तापमान म्हणजे ०.३१ गुणिले बाहेरची चालू सरासरी अधिक १७.८, आणि ८० टक्के लोकांसाठी त्याच्या साडेतीन अंश इकडेतिकडे. वाऱ्याचा जादा फायदा मोजायचा असेल तर वेग वेगळा काढून द्या, एसीएचवरून अंदाज मारू नका.

रिझल्टमध्ये कुठले आउटपुट बघू?

सोप्या मॉडेलला झोन व्हेंटिलेशन एअर चेंज रेट. नेटवर्कमध्ये मात्र खिडकीतून आलेली हवा पण एएफएन (एअरफ्लो नेटवर्क) झोन इन्फिल्ट्रेशन या नावाखाली दिसू शकते, नाव बघून गोंधळू नका. दुसऱ्या खोलीतून आलेली मिक्सिंगमध्ये दिसते. त्याबरोबर खिडकीचा ओपनिंग फॅक्टर (ती किती उघडी आहे तो आकडा), झोनच्या उंचीवरचा वाऱ्याचा वेग आणि आतलंबाहेरचं तापमान असे चार ग्राफ एका गरम आठवड्याचे एकाखाली एक काढा. खिडकी उघडी आहे, वारा आहे आणि तरी फ्लो नाही असा एखादा तास सापडला की त्या तासाला कुठलं दार बंद आहे ते शोधा.